पाणी लहान होत नाही

हायड्रोप्लेन ही होडीची जात जन्माला आली ती मॉडेलच्या रूपात. १८७२ साली इंग्लंडमधल्या ससेक्सच्या चार्ल्स मीड रेमस या धर्मोपदेशकाने ब्रिटिश आरमाराला एक कल्पना सुचवली. जहाजाचा तळ नेहमीसारखा गोलसर न ठेवता पाचरीसारखा उतरता करायचा, अशा दोन पाचरी एकामागे एक लावायच्या आणि मध्ये पायरी सोडायची. मग वेग वाढला की जहाज पाणी कापत जाणार नाही, पाण्याच्या माथ्यावर चढून सरकत जाईल. आरमाराने ही कल्पना विल्यम फ्रूड यांच्याकडे तपासायला दिली. फ्रूड यांनी टॉर्की इथे नुकताच एक लांबलचक हौद बांधला होता. मेणाची छोटी जहाजं त्यातून ओढायची आणि पाणी त्यांना किती विरोध करतं ते मोजायचं, हे त्यांचं काम. रेमस यांच्या रचनेची मॉडेलं त्यांनी ओढून पाहिली आणि कळवलं की वाफेच्या जड इंजिनांना जे वेग झेपतात त्या वेगांना हे जहाज साध्या जहाजापेक्षा जास्त अडेल. कल्पना बासनात गेली. ती चुकीची नव्हती. तिला लागणारं हलकं आणि दमदार इंजिन अजून कुणी बनवलेलं नव्हतं.

वेगाने जाणाऱ्या होडीला पाणी दोन तऱ्हांनी रोखतं, अंगाला घासून आणि लाटा उठवून. वेग वाढतो तशी होडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढणीवर अडकत जाते. हायड्रोप्लेन ही चढण ओलांडते. चपटा दगड तळ्यावर आडवा भिरकावला की बुडण्याआधी टप्पे घेत जातो, कारण त्याला पाण्यावर ठेवणारी गोष्ट म्हणजे त्याचा वेग. हायड्रोप्लेनचंही तसंच आहे. थांबली की ती चारचौघींसारखी होडी. पूर्ण वेगात असताना मात्र तिचा बहुतेक भाग हवेत असतो आणि पाण्याला ती अगदी थोड्या जागी टेकते.

हा टेकू कुठे द्यायचा, यातच या होड्यांचा सगळा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत तळाला पायऱ्या असलेल्या होड्या चालल्या. डेट्रॉइटच्या गार वुड यांनी १९३२ साली ‘मिस अमेरिका टेन’मध्ये चार पॅकार्ड इंजिनं बसवून ताशी २०० किलोमीटरचा टप्पा गाठला. मग १९३०च्या दशकाच्या मध्यात न्यू जर्सीतल्या व्हेंटनर बोट वर्क्सचे अ‍ॅडॉल्फ एपल आणि त्यांचा मुलगा आर्नो यांनी वेगळी मांडणी पुढे आणली. होडीच्या पुढच्या अंगाला डावी-उजवीकडे दोन रुंद पाय काढायचे आणि तिसरा टेकू मागच्या टोकाला. या पुढच्या पायांना स्पॉन्सन म्हणतात. तीन टेकूंवर चालणारी ही रचना इंग्लंडमध्ये व्हॉस्पर कंपनीने माल्कम कॅम्पबेल यांच्या ‘ब्लूबर्ड के-४’साठी वापरली. १९ ऑगस्ट १९३९ रोजी कॉनिस्टन तलावावर के-४ने ताशी १४१.७४ मैलांचा, म्हणजे सुमारे २२८ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. दोन आठवड्यांत महायुद्ध सुरू झालं आणि विक्रम जिथल्या तिथे राहिला.

तो मोडला सिएटलमध्ये. स्टॅन्ली सेयर्स हे तिथले मोटारविक्रेते. बोइंगमध्ये काम केलेले टेड जोन्स यांनी त्यांच्यासाठी होडीची आखणी केली आणि अँकर जेन्सन यांनी आपल्या कारखान्यात ती बांधली. कुणाचं श्रेय किती यावरून पुढे बरीच वर्षं वाद झाला; त्यात न पडता एवढं नक्की म्हणता येतं की तिघांतला एकही वजा केला असता तर ‘स्लो-मो-शुन फोर’ झाली नसती. युद्धानंतर लढाऊ विमानांची अ‍ॅलिसन इंजिनं मोडीच्या भावात मिळत होती. २८ लिटरचं, दीड हजार अश्वशक्तीचं तसलं एक इंजिन होडीत बसलं. २६ जून १९५० रोजी लेक वॉशिंग्टनवर सेयर्स आणि जोन्स शेजारी शेजारी बसून निघाले आणि त्यांनी ताशी १६०.३२३ मैल, म्हणजे २५८ किलोमीटर वेग नोंदवला. अकरा वर्षं टिकलेला विक्रम एकदम तीस किलोमीटरने मागे पडला.

जोन्स यांची युक्ती प्रोपेलरमध्ये होती. आधीच्या होड्यांचा प्रोपेलर पूर्ण पाण्याखाली फिरायचा आणि होडीचं मागचं टोक पाण्यावर घासत जायचं. इथे वेग आला की मागचं टोक वर उचललं जाई, प्रोपेलर निम्मा पाण्यात आणि निम्मा हवेत फिरे, आणि तिसरा टेकू म्हणून होडी चक्क प्रोपेलरच्या पात्यांवर उभी राही. पुढे स्पॉन्सनच्या दोन लहान कडा, मागे पाण्यावर आपटत जाणारी पाती आणि मधल्या पोकळीत कोंडलेली हवा, एवढ्यावर अडीच-तीन टनांचं धूड धावत असे. हवेत निघालेलं पातं पाणी उडवतं, म्हणून अशा होडीमागे पाण्याचा उंच, लांब तुरा उभा राहतो. अमेरिकेत त्याला रूस्टरटेल म्हणतात. आपण कोंबड्याचा तुरा म्हटलं तरी चालेल.

त्याच वर्षी जुलैमध्ये जोन्स यांनी हीच होडी डेट्रॉइटला नेऊन गोल्ड कप ही शर्यत जिंकली. जिंकणाऱ्याच्या गावी पुढची शर्यत भरवायची असा तेव्हाचा नियम असल्याने १९५१चा गोल्ड कप सिएटलला आला. ज्या शहरात तेव्हा कुठल्याही मोठ्या खेळाचा राष्ट्रीय दर्जाचा संघ नव्हता तिथे या होड्यांनी केवढी जागा व्यापली असेल याची कल्पना करावी लागते. ऑगस्टमधल्या शर्यतीला तलावाच्या काठावर सारं शहर लोटे. आणि त्या दशकातल्या तिथल्या मुलांनी प्लायवूडच्या तुकड्यांच्या हायड्रोप्लेन कापल्या, त्यांना आवडत्या होडीचे रंग दिले आणि दोरीने सायकलला बांधून गल्लीबोळांतून फरफटत नेल्या. फळ्यांचे तळ डांबरावर झिजून जात, मग नवी होडी. माझ्या मते या छंदाची मुळं कुठल्याही क्लबच्या नोंदवहीत शोधण्यापेक्षा त्या सायकलींमागे शोधावीत. रेडिओवर चालणारी यंत्रणा सामान्य माणसाच्या आवाक्यात आली तेव्हा हीच मुलं मोठी झालेली होती.

सिएटलच्या परिसरातला ‘आरसी अनलिमिटेड्स’ हा क्लब एकास आठ प्रमाणातल्या हायड्रोप्लेनच्या शर्यती भरवतो. अमेरिकेत मॉडेल होड्यांच्या दोन मोठ्या संघटना आहेत, नॉर्थ अमेरिकन मॉडेल बोट असोसिएशन आणि इंटरनॅशनल मॉडेल पॉवर बोट असोसिएशन. त्यांच्याकडेही या आकाराचा स्वतंत्र वर्ग आहे. मूळ नियम साधा आणि फार शहाणपणाचा आहे. मॉडेल खऱ्या, शर्यतीत उतरलेल्या होडीचंच हवं. मनाने आखलेली होडी चालणार नाही. तिचा आकार, रंग, अक्षरं, अंक आणि आत बसलेला चालकसुद्धा हवा. सहा फुटी माणूस इथे नऊ इंचांचा होतो.

एकास आठ म्हणजे तीस फुटांची होडी पावणेचार फुटांची. लांबी आठपट कमी झाली हे उघड आहे. वजन मात्र लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही अंगांनी घटतं, म्हणजे आठ गुणिले आठ गुणिले आठ, ५१२ पट. अडीच-तीन टनांच्या होडीचं योग्य मॉडेल पाच ते सहा किलोंचं भरायला हवं आणि चांगले कारागीर तेवढ्याच्या जवळपास पोचतात. वेगाचं काय? इथे पुन्हा फ्रूड भेटतात. टॉर्कीचा हौद बांधण्याआधी त्यांनी डार्ट नदीवर तीन, सहा आणि बारा फुटांची मॉडेलं ओढून एक नियम शोधला होता. लहान आणि मोठं जहाज सारख्याच घाटाच्या लाटा उठवतं ते वेग सारखे असताना नव्हे, तर वेगांचं प्रमाण लांबीच्या वर्गमुळाइतकं असताना. आठचं वर्गमूळ साधारण २.८३. ताशी २५८ किलोमीटर धावणाऱ्या होडीशी जुळणारा मॉडेलचा वेग म्हणून ताशी ९१ किलोमीटर निघतो. तळ्यावरच्या शर्यतीत एकास आठची चांगली मॉडेलं सरळ रेषेत साधारण याच वेगाला असतात. पाण्याने उभा केलेला तुरा, वळणावरचा कल, स्पॉन्सनची थरथर हे सगळं मूळ होडीसारखं दिसतं त्याचं कारण या गणितात आहे. डोळ्याला खटकतो तो फक्त काळ, कारण मॉडेलच्या जगात सगळं २.८३ पट लवकर घडतं. चित्रीकरण तेवढ्याच पटीने संथ करून पाहिलं की खरी होडी आणि मॉडेल वेगळं ओळखणं अवघड जातं.

पण पाणी लहान होत नाही. तळ्यावरची वीतभर लाट मॉडेलला पावणेदोन मीटरच्या लाटेसारखी भिडते. पाण्याचा चिकटपणा तोच राहतो आणि पृष्ठभागाचा ताणही तोच, त्यामुळे लहान तळाला घर्षण तुलनेने जास्त सोसावं लागतं आणि लहान प्रोपेलर मोठ्यापेक्षा जास्त शक्ती वाया घालवतो. ताकदीचा हिशेब केला तर मूळच्या १,५०० अश्वशक्तीसाठी मॉडेलला एकाच अश्वशक्तीने भागायला हवं. प्रत्यक्षात ११ घनसेंटिमीटरच्या आसपासचं जे शर्यतीचं इंजिन बसवतात ते तीनहून जास्त अश्वशक्ती देतं. म्हणजे मॉडेलला मूळ होडीपेक्षा प्रमाणाने कितीतरी जास्त जोर लागतो, आणि हा जोर चुकीच्या क्षणी मिळाला तर ते हवेत जातं.

बांधणी सुरू होते छायाचित्रांपासून. या होड्यांचे मूळ आराखडे नेहमी हाती लागत नाहीत, आणि लागले तरी भरवशाचे नसतात, कारण होडी कारखान्यातून बाहेर पडली की तिच्यात बदल सुरू होत. एका हंगामात शेपटीचा पंख उंच, पुढच्या हंगामात आखूड. एका शर्यतीत धुराडी सरळ, दुसरीत वाकवलेली. म्हणून जाणकार माणूस ‘मिस बार्डाल’ बांधतोय असं म्हणत नाही. तो ‘१९६३ची मिस बार्डाल’ म्हणतो. रॉन मुसन यांनी १९६३, १९६४ आणि १९६५ असे सलग तीन गोल्ड कप जिंकले ती हिरवी-पिवळी होडी. कृष्णधवल छायाचित्रावरून हिरव्याची नेमकी छटा कळत नाही. मग रंगीत पारदर्शिका शोधा, संग्रहालयात जाऊन मूळ लाकडावर उरलेला रंग पाहा, त्या काळी काठावर उभ्या असलेल्यांना विचारा. सिएटलजवळच्या केंट गावात हायड्रोप्लेन आणि शर्यतीच्या होड्यांचं संग्रहालय आहे. तिथे जुन्या होड्या दुरुस्त करून पुन्हा पाण्यात उतरवल्या जातात, आणि मॉडेल बांधणाऱ्यांना मोजपट्टी घेऊन जायला त्याहून चांगली जागा नाही. ‘स्लो-मो-शुन फोर’ स्वतः सिएटलच्या इतिहास आणि उद्योग संग्रहालयात छताला टांगलेली आहे, त्यामुळे तिचा तळ खालून पाहता येतो. बांधणाऱ्याला तर तळच पाहायचा असतो.

सांगाडा बहुधा बर्चच्या पातळ प्लायवूडचा. आडव्या चौकटी कापून त्या सपाट पाटावर ताठ उभ्या करायच्या, त्यांच्या खाचांतून लांब पट्ट्या ओढायच्या आणि इपॉक्सीने सांधायचं. पाट एका कोपऱ्यात दोन मिलिमीटर जरी वाकलेला असला तरी होडी पिळवटलेली निघते, आणि पिळवटलेली होडी आयुष्यभर एका बाजूला ओढते. यातलं सर्वांत जिवावरचं काम स्पॉन्सनच्या तळाचं. त्याचा पाण्याशी होणारा कोन दोन-तीन अंशांचा असतो आणि दोन्ही बाजूंना तो तंतोतंत सारखा हवा. मागची कडा सुरीसारखी टोकदार लागते. पॉलिश पेपर मारताना ती जरा गोल झाली की पाणी तिथून सुटण्याऐवजी कडेला चिकटून वर चढतं आणि होडी जागेवर जखडल्यासारखी होते. पोकळ जागांत बंद पेशींचा फोम भरतात, म्हणजे होडी उलटली तरी तळाशी जात नाही. वरचं डेक मात्र हौसेची जागा. ‘स्लो-मो-शुन फोर’चं डेक महोगनीचं, व्हार्निश केलेलं होतं, तिच्या मॉडेलवर महोगनीचा पातळ पापुद्रा चिकटवून व्हार्निशचे थरावर थर चढवतात. ‘हवाई काई थ्री’, १९५८चा गोल्ड कप जिंकलेली, गुलाबी. लोखंडी खडखडाटाच्या या खेळात कुणीतरी होडी गुलाबी रंगवली आणि ती सगळ्यांना मागे टाकून गेली, याचा मला मनापासून आनंद होतो.

मॉडेलच्या इंजिनाला ठिणगीची गरज नसते. १९४७ साली रे आर्डन यांनी बाजारात आणलेल्या ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमची बारीक तार असते. एकदा बाहेरून वीज देऊन ती तापवली की मिथेनॉलच्या वाफेशी होणाऱ्या क्रियेने स्वतःच लाल राहते आणि इंजिन चालत राहतं. मिथेनॉलमध्ये नायट्रोमिथेन मिसळतात, शर्यतीसाठी निम्मं किंवा त्याहूनही जास्त, कारण ते स्वतःसोबत ऑक्सिजन घेऊन येतं आणि तेवढ्याच जागेत जास्त इंधन जाळता येतं. तिसरा घटक वंगणाचा. खनिज तेल मिथेनॉलमध्ये विरघळत नाही, एरंडेल विरघळतं. शिवाय प्रचंड तापलेल्या धातूवरही त्याचा थर टिकून राहतो. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांची इंजिनंही याच वंगणावर चालत. आता त्यात कृत्रिम तेलं मिसळतात, तरी सिएटलच्या तळ्याकाठी दरवळणाऱ्या धुरात एरंडेलाचा वास असतोच. जगात तयार होणाऱ्या एरंडेलाचा फार मोठा हिस्सा भारतातून, त्यातही गुजरातेतून जातो. लहानपणी नाक दाबून ज्यांना ते प्यावं लागलं असेल त्यांना हा वास चटकन ओळखता येईल.

क्लच नसतो. लवचीक पोलादी दांडा थेट इंजिनाला जोडलेला असतो आणि तेलाने भरलेल्या नळीतून मागे प्रोपेलरपर्यंत जातो. इंजिन सुरू झालं की प्रोपेलर फिरायलाच लागतो, मिनिटाला वीस हजार फेऱ्यांच्या पुढे. त्यामुळे होडी हातात उचलून धरूनच चालू करावी लागते आणि साथीदार ती धक्क्यावरून पाण्यावर अलगद पण जोरात सोडतो. रेंगाळली तर ती पाण्यावर चढणारच नाही. हा साथीदार विश्वासाचा लागतो. पाती बेरिलियमयुक्त तांब्याची असली तर त्यांना कानस लावून धार काढतात, आणि ते करताना पात्यांची भुकटी श्वासात जाणं फुप्फुसांना घातक असतं. जुनेजाणते हे काम पाण्याखाली आणि मुखपट्टी लावूनच करतात. नवख्याने पहिली गोष्ट शिकायची तर ही, वेग नंतर.

आता या छंदातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. जुन्या होड्यांचा घाट धोकादायक होता. पुढचं तोंड रुंद आणि गोलसर, चालक इंजिनाच्या मागे बसलेला, मागे आडवा पंख नाही. वेग वाढला की रुंद तोंडाखाली हवा शिरायची आणि नाक उचललं जायचं. १९५५ साली गोल्ड कपच्या पात्रता फेरीत लू फॅजॉल यांची ‘स्लो-मो-शुन फाइव्ह’ लेक वॉशिंग्टनवर नाकाने वर उठली, हवेत मागच्या मागे पूर्ण कोलांटी घेऊन पुन्हा सरळ पाण्यावर पडली. फॅजॉल बाहेर फेकले गेले आणि जबर जखमी झाले. नवी दिशा शोधण्याचे प्रयत्न सुरूच होते. टेड जोन्स यांचे चिरंजीव रॉन जोन्स चालकाला इंजिनाच्या पुढे बसवू पाहत होते. पण १९६६च्या १९ जूनला वॉशिंग्टन शहरात पोटोमॅक नदीवर प्रेसिडेंट्स कपच्या एकाच दिवशी रॉन मुसन, रेक्स मँचेस्टर आणि डॉन विल्सन हे तीन चालक गेले. मुसन यांची नवी ‘मिस बार्डाल’ नेमकी याच नव्या मांडणीची होती. त्यानंतर कित्येक वर्षं चालकांनी ती मांडणी अपशकुनी मानली आणि जुना घाट टिकून राहिला. १९७३ साली रॉन जोन्स यांनी ‘पे एन पॅक’ला मागे आडवा पंख दिला. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात बिल मंसी यांच्या निळ्या ‘अ‍ॅटलस व्हॅन लाइन्स’ने पुढे बसलेल्या चालकाची मांडणी जिंकून दाखवली, आणि १९८०च्या दशकाच्या मध्यात लढाऊ विमानाचं बंद छत चालकाच्या डोक्यावर आलं. त्याने किती जीव वाचवले याची मोजदाद अवघड आहे.

मॉडेलांच्या शर्यतींत जुन्या होड्यांचा वेगळा वर्ग असतो. त्यात उतरणाऱ्याला यातली एकही सुधारणा वापरता येत नाही. कुठल्या सालापर्यंतची होडी जुनी मानायची याची रेषा वेगवेगळे क्लब वेगवेगळी आखतात, पण तत्त्व एकच. नाक गोल असेल तर गोलच राहील. पंख नव्हता तर लावायचा नाही. जिंकायचं आहे, वेग हवा आहे, आणि ज्या घाटाने फॅजॉल यांना हवेत फेकलं तोच घाट सांभाळायचा आहे. मग माणूस त्या घाटाशी बोलायला शिकतो. बॅटऱ्या दोन सेंटिमीटर पुढे सरकवल्या तर नाक जड होतं, पण वळणावर होडी पाण्यात तोंड खुपसते. प्रोपेलर धरणारी दांडी अर्धा मिलिमीटर खाली घेतली की शेपूट वर राहतं आणि नाक आपोआप खाली येतं, मात्र मग सरळ रेषेत होडी उड्या मारू लागते. वारा समोरून असेल तर एक मांडणी, मागून असेल तर दुसरी. जेन्सन आणि जोन्स यांनी धक्क्यावर बसून जे निर्णय घेतले असतील ते तसेच का घेतले, हे असं पाच-सहा किलोंच्या होडीशी झगडताना कळतं. टांगलेली होडी पाहून आकार समजतो, स्वभाव समजत नाही. आणि मॉडेलला नवे नियम लावून सोपं केलं असतं तर तोही हरवला असता.

शर्यतीत एक तडजोड मात्र बहुतेकांना करावी लागते. मोठ्या होड्या तळ्यावर घड्याळाच्या उलट दिशेने, डावीकडे वळत धावतात. मॉडेलच्या बहुतेक शर्यती घड्याळाच्या दिशेने होतात. वळणावर होडी घसरू नये म्हणून स्पॉन्सनला जे पोलादी पान लावतात ते त्यामुळे डावीकडून उजवीकडे जातं. बाकी थाट मूळचाच. थांबलेल्या अवस्थेतून शर्यत सुटत नाही. घड्याळ उलटं मोजत असतं आणि सगळ्या होड्या फिरत फिरत शून्याच्या क्षणी पूर्ण वेगात रेषेवर यायला पाहतात. आधी ओलांडली तर दंड, उशीर झाला तर पुढच्यांच्या तुऱ्याखाली डोळे मिटून धावणं. चारशे, तीनशे, दोनशे पंचवीस, एकशे एकोणसत्तर, एकशे सत्तावीस असे घसरते गुण मोठ्या होड्यांच्या जुन्या पद्धतीतून आले आहेत. प्रत्येक क्रमांकाला वरच्याच्या पाऊणपट. चालक काठावर उभा, होडी शंभर-सव्वाशे मीटर लांब. ती दूर जाताना डावं ते डावं असतं, समोरून येताना डावं उजवं होतं, आणि हे मनात उलटं करायला वेळ मिळत नाही. हाताला सवयच व्हावी लागते. पूर्वी प्रत्येकाच्या ट्रान्समीटरला ठरलेली लहरसंख्या असे आणि दोघांची सारखी निघाली तर होडी भलत्याच्याच हुकमावर चाले. २.४ गिगाहर्ट्झच्या संचांनी ती धास्ती संपवली. संदेश तुटला तर इंजिन आपोआप मंद होतं.

विजेच्या मोटारींनी आता या छंदात मोठी जागा घेतली आहे, विशेषतः एकास दहाच्या लहान होड्यांत. तळ्याकाठी घरं वाढली, आवाजाच्या तक्रारी वाढल्या, आणि लिथियम बॅटरीच्या होड्या ज्या तळ्यांवर चालतात त्यांतल्या कितीतरी नायट्रोवाल्यांना बंद झाल्या. काही जुन्या मंडळींना हे पटत नाही. मला तो हट्ट समजतो, पण मान्य नाही. नायट्रो इंजिनाची किंचाळी म्हणजे काही अ‍ॅलिसनची गर्जना नव्हे. ती नक्कल कधीच खरी नव्हती. खरा असतो तो तळ, त्याखाली शिरणारी हवा आणि निम्मा हवेत फिरणारा प्रोपेलर. ते बॅटरीवरही तसंच वागतात.

आणि तसंच उलटतातही. वाऱ्याची झुळूक, समोरच्याची उसळी, अर्ध्या सेकंदाचा जास्तीचा जोर, की गोल नाक उठतं, होडी कोलांटी घेते आणि पालथी तरंगत राहते. बचाव-होडी जाऊन तिला काठावर आणते. मग ग्लो प्लग काढून इंजिन उलटं धरायचं, सिलिंडरमधलं पाणी झटकायचं, तेल सोडून चार वेळा फिरवायचं, रेडिओचा डबा उघडून आतला ओलावा टिपायचा, तुटलेल्या डेकला टेप लावायची. चालकाच्या जागी बसलेल्या नऊ इंची माणसाचं मुंडकं बहुतेक वेळा तळ्यातच राहिलेलं असतं. शेजारच्या टेबलावरचा प्रतिस्पर्धी आपला स्टार्टर आणि कोरडा प्लग घेऊन येतो, दोघं मिळून दांडी पुन्हा मोजतात, ती अर्धा मिलिमीटर वर सरकली होती असं निघतं, आणि पुढच्या फेरीचं घड्याळ सुरू होण्याआधी ती जागेवर घट्ट आवळली जाते.